शेजारी वेगळ्या धर्माचा: कोकणातून फिरून फिरून येणारे प्रश्न

बदली होऊन रत्नागिरीत आलेले बँकवाले, गणपतीला गावी येणारे चाकरमानी, चिपळूण-महाडला नव्या सोसायटीत फ्लॅट घेतलेली जोडपी आणि गावातच उभा जन्म काढलेली माणसं हेच प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत एकच उत्तर लागू पडेल असं नाही, कारण कोकणात खाडी ओलांडली की रीत बदलते. कायदा जिथे लागतो तिथे कायदा सांगितला आहे. बाकी आजूबाजूला पाहिलेलं आणि आमचं मत.

१. आम्ही घाटावरून आलो आहोत. कोकणात नेमके कुठल्या कुठल्या धर्माचे लोक राहतात?

हिंदू बहुसंख्य आहेत, पण त्यांचाही देव गावागणिक वेगळा. ग्रामदेवता, तिचे मानकरी आणि गावऱ्हाटी (गावाच्या रूढी-मानपानाची व्यवस्था) ज्या त्या गावाची.

कोकणी मुसलमान किनाऱ्यावर शतकानुशतकं आहेत. अरबांशी चाललेल्या समुद्री व्यापारातून आलेला हा समाज सुन्नींमधल्या शाफई पंथाचा आहे, तर घाटावरचे बहुतेक सुन्नी हनफी पंथाचे. त्यामुळे अस्रच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची वेळ इथे थोडी आधी येते. रत्नागिरीकडे मासेमारी करणारे दालदी आहेत, बाजारपेठांतून बोहरी आहेत.

बौद्ध वस्ती जवळपास प्रत्येक तालुक्यात आहे. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यातलं, आणि चवदार तळं महाडचं. ख्रिस्ती वसईत आहेत, रेवदंड्याजवळच्या कोर्लईत आहेत (तिथली पोर्तुगीज वळणाची बोली आजही घरात बोलली जाते) आणि सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ल्याकडेही आहेत. अलिबागेच्या आसपास बेने इस्रायली, म्हणजे इथले ज्यू, होते. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, तरी अलिबागच्या इस्रायल आळीतलं सिनेगॉग उभं आहे.

एक सावधगिरी. आडनावावरून धर्म ओळखायला जाऊ नका. चौगुले, मुकादम, देशमुख, खोत ही आडनावं हिंदू-मुसलमान दोन्हीकडे सापडतात, आणि पेणकर, रोहेकर हे ज्यूही असू शकतात.

२. शेजाऱ्याच्या सणाला गेलं तर आपली श्रद्धा पातळ होते का?

आमच्या मते नाही. जाणं वेगळं आणि उपासना करणं वेगळं. जुन्या घरांनी हा प्रश्न पडवीतच सोडवलेला होता. पाहुणा पडवीत बसायचा, पानसुपारी घ्यायचा, जेवायचा, आणि देवघरात काय चाललंय ते घरच्यांचं घरच्यांनी पाहायचं. त्याने आत येऊन हात जोडलेच पाहिजेत असा आग्रह कुणी धरत नसे. हल्ली हा आग्रह वाढलाय. 'एवढं मानता तर आरतीला उभे राहा' किंवा 'एवढी मैत्री आहे तर दुआला हात उचला' ही परीक्षा घेणंच चूक आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ने दिलेलं सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य न मानण्याच्या बाजूनेही तेवढंच लागू आहे.

३. प्रसाद किंवा ईदचं काही घरी आलं आणि ते आपल्याला चालत नसेल तर?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच.

देवाला दाखवलेलं खायचं नाही असं मानणारी मुसलमान आणि ख्रिस्ती घरं आहेत, तशी मोदकांची वाट पाहत बसणारीही आहेत. एकाच घरात आजोबा हात लावत नाहीत आणि नातू चार मोदक उडवतो. म्हणून धर्मावरून अंदाज बांधण्यापेक्षा त्या घराला विचारलेलं बरं. विचारायला जीभ रेटत नसेल तर जुनी युक्ती आहे. नैवेद्य दाखवण्याआधीच मोदकपात्रातले थोडे मोदक वेगळ्या डब्यात काढायचे आणि देताना सांगायचं, "भाभी, हे आधीच बाजूला काढलेत हां, देवापुढचे नाहीत." एवढ्या एका वाक्याने समोरच्या घरातला अख्खा पेच सुटतो. डबा परत येतो तेव्हा तो रिकामा नसतो, हे वेगळं सांगायला नको.

उलट बाजूलाही अशीच सोय आहे. शिरखुर्म्यात दूध, शेवया, खारीक, चारोळी, तूप एवढंच असतं. तरी ज्या घरात मटण शिजतं तिथल्या भांड्यातलं नको, असं वाटणारी घरं असतात. त्यांच्याकडे ईदला कोरडा शिधा जातो: शेवयांचं पुडकं, साखर, खारीक, कधी वर दुधाची पिशवी. आमच्या आळीत अजून जातो. पाठवणाऱ्या चाचींना त्यात अपमान वाटत नाही, कारण त्या घरात सोवळं-ओवळं सगळ्यांशीच पाळतात, स्वतःच्या सुनेशीसुद्धा, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

नाकारायचंच असेल तर दारातच, हसतमुखाने नाकारा. घ्यायचं आणि मागच्या दारी गुरांपुढे टाकायचं, हा प्रकार छोट्या गावात संध्याकाळच्या आत सगळ्यांना कळतो.

पण एक भेद स्पष्ट ठेवायला हवा. 'अमुक पदार्थ मला चालत नाही' ही श्रद्धा झाली. 'अमक्यांच्या हातचं पाणी चालत नाही' हा माणसाचा विटाळ झाला. २० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आणि हजारो माणसं पाणी प्याली. त्यानंतर गावातल्या सवर्णांनी पंचगव्य ओतून तळं 'शुद्ध' करून घेतलं. ज्या किनाऱ्यावर हे घडलं तिथे पाणी नाकारणाऱ्याने 'आमची श्रद्धा आहे' म्हणून सुटका करून घेऊ नये.

४. आम्ही बौद्ध आहोत. वाडीच्या गणपतीची वर्गणी आणि आरती, दोन्हीचा आग्रह होतो. नाही कसं म्हणायचं?

सरळ म्हणायचं. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये तिसरी प्रतिज्ञाच गौरी-गणपती आणि इतर हिंदू देवतांना न मानण्याची आणि त्यांची उपासना न करण्याची आहे. तुमचा नकार हा तुमच्या धर्माचा भाग आहे, फटकून वागणं नव्हे. शेजाऱ्यांना हे बहुधा माहीत नसतं, कारण त्यांना कुणी कधी सांगितलेलं नसतं.

वर्गणीचं म्हणाल तर ती ऐच्छिकच असते. ज्यांना संबंध टिकवून नाही म्हणायचं आहे ती घरं वेगळी वाट काढतात: मूर्ती-पूजेला पैसे नाहीत, पण विसर्जनाच्या वाटेवरच्या दिव्यांना, पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) दुरुस्तीला, आरोग्य शिबिराला देतात. पावतीवर तसं लिहून घ्यायला सांगा. हिंदू शेजाऱ्यांनाही एक सुचवतो. बुद्धपौर्णिमेला खीर घ्यायला आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीला उभं राहायला आपण किती वेळा गेलो, हे वर्गणीचं पुस्तक घेऊन निघण्याआधी आठवून पाहा.

गावकीच दबाव आणत असेल तर प्रश्न ९ पाहा.

५. शेजारच्या मुसलमान घरात मय्यत झाली. आम्ही काय करायचं, काय टाळायचं?

पहिलं म्हणजे उशीर करू नका. दफन शक्य तितक्या लवकर करतात. सकाळी माणूस गेलं तर बहुतेक संध्याकाळच्या आत मातीही होते. मुंबईहून येणारे हायवेवर अडकले म्हणून थोडं थांबतील, पण 'उद्या भेटून येऊ' म्हणालात तर उद्या तिथे फक्त रिकाम्या खुर्च्या असतील.

पुरुषांनी डोक्याला रुमाल बांधून जावं. जनाजाला खांदा द्यायला हिंदू शेजारी पुढे झाले तर आमच्याकडे कुणी अडवत नाही. खांदा पाळीपाळीने बदलत जातो, दोन पावलं चालून पुढच्याला द्यायचा. जनाजाची नमाज उभ्यानेच होते आणि काही मिनिटांत आटोपते. तेवढा वेळ रांगांच्या मागे किंवा बाजूला शांत उभं राहायचं. कबरीत तीन मुठी माती घालतात. तुम्हाला घालायची असेल तर शेजारच्याकडे पाहून घाला. हार, अगरबत्ती, कुंकू यातलं काही नेऊ नका. बायका साधारणपणे कबरस्तानात जात नाहीत, घरी बसतात. तुमच्या घरच्या बाईमाणसांनीही घरीच जाऊन बसावं.

मग जेवण. दुःखाच्या घरी शेजाऱ्यांनी अन्न पाठवणं ही त्यांच्यातही रीत आहे आणि आपल्यातही, तेव्हा इथे कुठलीच अडचण नाही. फक्त शाकाहारी पाठवा, म्हणजे हलालचा प्रश्नच येत नाही. मोठ्या टोपात भात, वरण किंवा डाळ, एक भाजी, आणि चहाचा थर्मास. थर्मास विसरू नका. बाहेर बसलेल्या चाळीस माणसांचा चहा करायला घरात त्या दिवशी कुणी नसतं. सांत्वनाला तीन दिवसांत जाऊन यावं. नवरा गेला असेल तर ती बाई चार महिने दहा दिवस इद्दत पाळते. या काळात परपुरुषांनी भेटायचा हट्ट धरू नये. बायकांनी मात्र अधूनमधून जरूर जावं, कारण ते दिवस फार लांब असतात.

इतरांचं थोडक्यात. हिंदू घरी सुतकात बाहेरचा पाहुणा जेवत नाही, तेव्हा जेवण्याचा आग्रह झाला नाही म्हणून मनावर घेऊ नका, कार्याला बोलावतील. बौद्ध घरी 'तेरावं कधी?' असं विचारू नका. तिथे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो, त्रिशरण-पंचशील होतं, पांढरे कपडे घालून गेलात तर उत्तम. ख्रिस्ती घरी प्रार्थना चालू असेल तर ती संपेपर्यंत दाराशी थांबावं, आणि नंतर मिसाचं, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीचं, बोलावणं आलं तर जावं. तिथे काय करायचं ते पुढच्या उत्तरात.

६. दुसऱ्यांच्या प्रार्थनास्थळात गेल्यावर कसं वागायचं?

चर्चमध्ये चपला घालून बसलेलं चालतं, हे कळल्यावर आपली म्हातारी माणसं दचकतात. मिसाच्या वेळी इतर उभे राहिले की उभं राहा, बसले की बसा. कम्युनियन, म्हणजे पाद्री देतात ती पवित्र भाकरी, घ्यायला रांग लागते तेव्हा मात्र जागेवरच थांबायचं. ते बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठीच असतं आणि प्रसाद समजून हात पुढे करणारे दर नाताळात एकदोन तरी सापडतात.

मशिदीत नमाजाची वेळ सोडून, आधी सांगून, पाय धुऊन जावं. दर्ग्यात डोकं झाकावं. सिनेगॉगमध्ये पुरुषांनीही डोकं झाकायचं, आणि शनिवारी फोटो काढायचे नाहीत.

देवळात कुणी गाभाऱ्यात जायचं याचे नियम ग्रामदेवतेच्या देवळांत हिंदूंनाही लागू असतात, मानकरी सोडून. सभामंडपात थांबायला सांगितलं म्हणजे धर्मावरूनच अडवलं, असं दर वेळी नसतं. कधीकधी असतंही. म्हणूनच १९३१मध्ये रत्नागिरीत भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून पतितपावन मंदिर उभं राहिलं, सगळ्या जातींच्या हिंदूंसाठी.

७. आम्ही हिंदू, पण आजीपासून पिराला नवस बोलतो. हे धर्मात बसतं का?

कुणाच्या पुस्तकात बसतं ते आम्ही सांगू शकत नाही. कोकणात मात्र ते फार जुनं आहे. रत्नागिरीजवळ हातिसला पीर बाबरशेख यांचा उरूस भरतो, त्यात हिंदू गावकरी पुढे असतात. दापोलीकडे केळशीच्या याकूबबाबांना शिवाजी महाराज मानत, असं परंपरा सांगते. समुद्रावर जाणारा माणूस वाटेतल्या कुठल्याच राखणदाराला दुखवत नाही, मग तो वेताळ असो की पीर.

गंमत अशी, की या श्रद्धेवर बोट ठेवणारे दोन्हीकडे आहेत. काही हिंदू संघटनांना ती खुपते, आणि दर्ग्याला नवस बोलणं इस्लाममध्ये बसत नाही असं मानणारे मुसलमानही कमी नाहीत. म्हणून 'आम्ही तुमच्या दर्ग्यावर जातो' म्हटल्यावर शेजारचे चाचा खूश होतीलच असं धरून चालू नका. कदाचित ते स्वतः कधी गेले नसतील. तुमची आजी जात होती, तुम्हाला जावंसं वाटतं, एवढं कारण पुरेसं आहे.

८. राजापूरच्या होळीचा व्हिडिओ पाहिला. होळीचं झाड मशिदीला लावतात ते काय आहे?

राजापुरात होळीचा माड खांद्यावरून नेताना मशिदीच्या पायऱ्यांना टेकवून पुढे नेण्याची जुनी परंपरा आहे. २०२५च्या शिमग्यात त्याचे व्हिडिओ राज्यभर फिरले, बाहेरच्यांना तो हल्ला वाटला आणि वाद पेटला. गावातल्या अनेकांनी परंपरा समजावून सांगितली. त्याच वेळी त्या दिवशीच्या घोषणाबाजीवर आक्षेपही होते. रीत जुनी आणि घोषणा नवीन, असं दोन्ही एकाच मिरवणुकीत असू शकतं. वीस सेकंदांच्या व्हिडिओत ते वेगळं करून दिसत नाही. अशा व्हिडिओंचं काय करायचं ते प्रश्न १२मध्ये.

९. मी नास्तिक आहे. शिमग्याला पालखी दारात येते, नाही म्हटलं तर गावकी वाळीत टाकेल अशी भीती वाटते.

आधी साधी वाट पाहा. घर तुमचं एकट्याचं नसेल तर पालखी येऊ द्या, ओटी भावाला किंवा आईला भरू द्या, तुम्ही पालखी नाचवणाऱ्यांना पाणी द्या. पुष्कळ घरांत असंच चालतं आणि गाऱ्हाण्यात तुमचंही नाव घेतलं जातं, त्याला इलाज नाही.

खरंच बहिष्कार टाकला तर महाराष्ट्रात त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे, २०१६चा, २०१७पासून लागू. वाळीत टाकण्याची प्रकरणं रायगडातून फार येत होती, हे तो होण्यामागचं एक मोठं कारण. तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. तक्रार पोलिसात किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येते.

इथे एक मेख आहे. हा कायदा एकाच धर्माच्या किंवा जातीच्या समूहाने आपल्याच माणसावर टाकलेल्या बहिष्काराचा आहे. 'अमक्या धर्माच्या दुकानातून घेऊ नका' असं आवाहन झालं तर ते यात बसत नाही; त्याला दंडविधानाची इतर कलमं पाहावी लागतात. वकिलाकडे जाताना नेमकं कोणी, कोणाला, काय म्हटलं ते तारखेसह लिहून न्या.

१०. अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले तर?

२०२३मध्ये २८ सप्टेंबरला तसं झालं. राज्यात ठिकठिकाणी मुसलमानांनी जुलूस पुढे ढकलला आणि सरकारने सुट्टी २९ला दिली. २०२४मध्येही विसर्जन १७ सप्टेंबरला असल्याने अनेक ठिकाणी जुलूस १८ला निघाले. हिजरी वर्ष दर साली दहा-अकरा दिवस मागे सरकतं आणि आपल्याकडे अधिकमास ते अंतर भरून काढतो. म्हणून अशी गाठ दोन-तीन वर्षं पडते आणि मग तीसेक वर्षं पडत नाही. पुढच्या वेळी तिथी कोणी सोडायची, हे आत्ताच्या तरुणांना म्हातारपणी ठरवावं लागेल.

११. भोंगा आणि डीजे, दोन्हींचा त्रास होतो. बोललं तर धर्मविरोधी ठरतो.

नियम धर्म पाहत नाही. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सरकार रात्री १२पर्यंत सूट देऊ शकतं. बोलायचं असेल तर आधी आपल्या धर्माच्या मंडळाशी बोला. तिथे बोलल्यानंतरच दुसरीकडे बोलायला तोंड राहतं. घरात आजारी माणूस आहे एवढंच सांगितलं, तर बहुतेक ठिकाणी आवाज कमी होतो. डबलबारीवाले (भजनाच्या सामन्याचे) मात्र कुणाचंच ऐकत नाहीत.

१२. सोसायटीच्या ग्रुपवर दुसऱ्या धर्माबद्दल काहीबाही येतं. गप्प बसावं का?

ग्रुपवर वाद घालू नका, पाठवणाऱ्याला फोन करा. 'हे आपल्या बी विंगमधल्या परकारभाईंनी वाचलं असेल' एवढंच म्हणा. बहुतेक वेळा मेसेज उडतो. मुद्दाम धार्मिक भावना दुखावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९खाली गुन्हा आहे, पण कलम हा शेवटचा उपाय.

१३. वेगळ्या धर्मात लग्न करायचं आहे. कुणी तरी एकाने धर्म बदललाच पाहिजे का?

नाही. विशेष विवाह कायदा, १९५४ त्यासाठीच आहे. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती ३० दिवस लागते, मग नोंदणी. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात नोटिशीआधी किमान ३० दिवस वास्तव्य हवं. नोटीस कार्यालयात जाहीर लागते, म्हणजे तालुक्यात बातमी फुटणार. ती आईवडिलांना तुमच्या तोंडून आधी कळलेली बरी.

फार कमी जणांना माहीत असलेली बाब जमिनीची आहे. एकत्र हिंदू कुटुंबातल्या व्यक्तीने या कायद्याखाली अन्यधर्मीयाशी लग्न केलं तर ती त्या एकत्र कुटुंबातून विभक्त झाली असं धरतात, आणि पुढचा वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो. दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर मात्र हे लागू होत नाही. सामायिक सातबारा, आंब्याची कलमं, पडका का होईना पण वडिलोपार्जित वाडा असेल तर लग्नाआधीच वकिलाला कागद दाखवा.

१४. आम्ही दोघं वेगळ्या धर्मांचे, कुणीच धर्म बदलला नाही. मेल्यावर काय?

याचं उत्तर लग्नाच्या वेळी कुणी विचारत नाही, आणि वेळ येते तेव्हा दोन्हीकडचे नातेवाईक ओटीवर भांडत असतात.

कबरस्तान बहुतेक ठिकाणी जमातीच्या ताब्यात असतं, सिमिटरी चर्चच्या. तिथे जागा मिळेल की नाही हे त्यांच्या नियमांवर आणि त्या वेळच्या माणसांवर अवलंबून. स्मशान सहसा ग्रामपंचायतीचं किंवा नगरपरिषदेचं असतं, तरी कोकणात वाडीवाडीची वेगळी स्मशानं आहेत आणि तिथेही 'हे आमच्या वाडीचं' असं ऐकावं लागतं. स्वतःच्या समाजाची रीत सोडून काही करायचं असेल तरी ते करता येतं. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे समाजसुधारक हमीद दलवाई १९७७मध्ये मुंबईत वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे कुठल्याही धर्मविधीशिवाय त्यांचं दहन झालं. इच्छा आधीच स्पष्ट सांगितलेली होती म्हणून ते जमलं.

तेव्हा लिहून ठेवा. दफन की दहन, कुठे, विधी हवा की नको, कोणता. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, एक तुमच्याकडचा आणि एक जोडीदाराकडचा. असा कागद नातेवाइकांवर पूर्णपणे बंधनकारक असतो असं समजू नका. त्याचा उपयोग भांडण आवरायला होतो. कबरस्तान किंवा सिमिटरी हवी असेल तर जमातीच्या किंवा चर्चच्या माणसांना हयातीतच भेटून घ्या. ते नाही म्हणाले तर दुसरी सोय पाहायला वेळ मिळतो. कागदाची एक प्रत शेजाऱ्याकडे ठेवा. मुलं मुंबईत किंवा दुबईत असतात, आणि पहिला फोन शेजाऱ्यालाच करावा लागतो.